रांजणवालीसाठी गावकी

आमच्या कॉटेजवर शुक्रवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत पाहुणे असतात आणि सोमवारी चादरी असतात. सुपारीच्या झाडांना बांधलेल्या दोऱ्यांवर त्या वाळत घातल्या की वाडीत गलबतं शिरल्यासारखी दिसतात. मंगळवारी त्यांच्या घड्या होऊन कपाटात जातात. मग दुपारी जेवणं उरकली, भांडी पालथी पडली, की हॉलमधला मोठा टीव्ही आमचा.

आमचा म्हणजे चौघांचा. एक काकू, या वाडीच्या आणि कॉटेजच्या मालकीण. दुसऱ्या स्वयंपाकाच्या ताई, त्या रेवदंड्याच्या कोळीवाड्यातून सकाळच्या एसटीने येतात. तिसरे मिनिडोरवाले भाऊ, आपल्या मोठ्या तीनचाकी रिक्षातून मांडव्याच्या जेट्टीवरून पाहुणे आणतात आणि पाहुणे नसतील तेव्हा नुसतेच येतात. चौथी मी, खोल्या आणि चादरी बघणारी. काकूंचा मुलगा मुंबईला नोकरीला. त्याला सगळे दादा म्हणतात. तो शुक्रवारी रो-रो बोटीने येतो आणि रविवारी जातो, म्हणजे एका अर्थाने तोही पाहुणाच. टीव्हीखालचा काळा गेमचा डबा त्याने आणलेला, पावसात पाहुण्यांची मुलं कंटाळून भिंतींवर चढतात म्हणून.

मी वऱ्हाडातली. आठवीनंतर शाळा सुटली. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि घरात आईचं दुखणं निघालं. मग हाताला येईल ते करत राहिले. इकडे कॉटेजांच्या बांधकामावर आलेल्या चुलतभावाने काकूंकडे शब्द टाकला आणि मी आले. मागच्या बाजूची खोली मला मिळाली. तिच्या खिडकीतून विहीर दिसते. काही दिवसांनी काकूंच्या लक्षात आलं की मी भात अर्धा टाकून उठते, तेव्हा त्यांनी न बोलता एक गॅसची शेगडी खोलीत आणून ठेवली आणि म्हणाल्या, "तुझी ती ज्वारीची भाकर कर बाई तू. दोन घास मलाही दे." तेव्हापासून माझा रात्रीचा स्वयंपाक माझा.

मला काळजी करायची खोड आहे. गॅस बंद केला का, पाहुण्यांच्या खोलीची चावी कोणाकडे गेली, काकू आज गप्प आहेत त्या माझ्यामुळे का. पहिला पावसाळाभर मी तो काळा डबा श्वास रोखून पुसायची आणि पुसल्यावर त्याचा दिवा चुकून लागला नाही ना ते बघायला परत यायची. एका मंगळवारी ताईंचे हात कोळंबी सोलण्यात गुंतले होते आणि भाऊंना जोडीदार नव्हता.

"ये गो बाय, बस इथं," भाऊ म्हणाले. "रिमोट काय चावत न्हाय."

"मले नाही येत."

"ताईंना तरी कुठं येतंय? त्या सगळी बटणं एकदम दाबतात आन जिकतात."

"जिकते ना पण," ताई आतून म्हणाल्या.

गेम साधा आहे. पडद्यावर दोघं समोरासमोर उभे राहतात आणि मारामारी करतात. वर दोघांच्या जीवाची पट्टी असते, ज्याची आधी संपेल तो हरला. लढवय्ये भरपूर, त्यातला आपण एक निवडायचा. त्यांना परदेशी नावं आहेत, पण ती आमच्या कोणाच्या जिभेवर बसली नाहीत, म्हणून आम्ही आमची ठेवली. शिरस्त्राणातून दोन लांब मिशा निघालेला, उलट्या उड्या मारणारा तो कोळंबी. तो भाऊंचा. तळहातातून वाफ सोडणारा तो इस्त्रीवाला, तो ताईंचा. लांब काठीवाला तो झाडूवाला, दादाचा. पाहुण्यांची मुलं आधी हसायची आणि परत जाताना गाडीत बसून म्हणायची, मम्मी, मी पुढच्या वेळी इस्त्रीवाला घेणार.

मी निवडली रांजणवाली. धिप्पाड बाई, पाठीला दोरखंडाने बांधलेला मोठा रांजण, आणि चाल अशी की डोक्यावर भरलेले हंडे घेऊन विहिरीवरून येतेय. बाकीचे आगी फेकतात, हवेत गिरक्या घेतात. हिला लांबून काहीच करता येत नाही. पाऊल टाकायचं, मार खायचा, परत पाऊल टाकायचं. मात्र एकदा समोरचा हाताला लागला की त्याला उचलून डोक्याकडून रांजणात घालते. मी तिला घेतलं ते ती चांगली म्हणून नाही. ती सगळ्यांत कमी हलत होती. मला वाटलं, जी कमी हलते तिच्या हातून कमी चुका होतील.

पण खेळताना एक गोष्ट झाली. मला दिवसभर ज्या दहा काळज्या असतात त्यांच्या जागी एकच उरली: समोरच्यापर्यंत पोचायचं. महिन्याभराने भाऊंचा कोळंबी पहिल्यांदा रांजणात गेला, तेव्हा भाऊंनी रिमोट मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "ही बाय गरीब दिसते, पन गरीब न्हाय." रांजणवालीबद्दल म्हणाले की माझ्याबद्दल, ते मी विचारलं नाही. त्यानंतर हॉलमधली खिडकीजवळची वेताची खुर्ची माझी झाली. तिच्यावर दुसरं कोणी बसलं तर ताई त्याला उठवायच्या.

इथे अजून एक सांगायला हवं. आमच्या गावाच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी. खाडीचं खारं पाणी भातशेतीत येऊ नये म्हणून मातीचा लांब बांध आहे. मोठ्या उधाणाला तो कुठे फुटला, म्हणजे इथल्या भाषेत खांड पडली, की वर्दी येते आणि प्रत्येक घरातून एका माणसाला जावंच लागतं. मी आले त्या वर्षी वर्दी आली तेव्हा दादा मुंबईत आणि काकूंचा गुडघा सुजलेला. मी गेले. कोणी सांगितलं नव्हतं, पण घरातून कोणीच नाही गेलं तर काकूंना बोल लागेल, ही काळजी मला घरात बसू देईना. दिवसभर रांगेत उभी राहून चिखलाची घमेली पुढे सरकवली. चिखल मला नवीन नव्हता, खारा चिखल नवीन होता.

तर एका शुक्रवारी दादा भाऊंच्या मिनिडोरमधून उतरला तो मोबाईल पुढे धरूनच. गेमची नवी आवृत्ती येणार होती आणि तिच्यातल्या लढवय्यांचं चित्र आलं होतं. आम्ही सगळे स्वयंपाकघरात त्याच्याभोवती जमलो.

"वर धर," ताई म्हणाल्या. "माझे हात बोंबलाचे हायत."

चित्रात सगळे ओळीने उभे होते. कोळंबी होता, मिशा आणखी लांब झालेल्या. झाडूवाला होता. इस्त्रीवाला नव्हता. रांजणवाली नव्हती.

"असेल मागं," मी म्हणाले. "ती हळू चालते."

सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

दादाने समजावलं. सुरुवातीला एवढेच मिळणार. बाकीचे काही महिन्यांनी एकेक करून येतील, त्याला सीझन म्हणतात, आणि त्यांचे पैसे वेगळे. कोण येणार आणि कोण नाही हे कंपनी आत्ता सांगणार नाही.

"म्हणजे पंगतीला बसवायचं," ताई म्हणाल्या, "पानात मीठ आणि लिंबू वाढायचं, आणि सांगायचं भात गौरीला देतो, आमटी दसऱ्याला."

"तसं न्हाय ताई," भाऊ म्हणाले. त्यांचा कोळंबी पहिल्या ओळीत होता, त्यामुळे ते कंपनीच्या बाजूने होते. "तुमी बोंबील सुकवून डब्यात ठेवता ना? एकदम खाता काय? पावसात पुरवून पुरवून काढता. कंपनी पन तेच करते."

"माझे बोंबील मी माझ्या डब्यातून काढते. दर वेळी झाकण उघडायला डब्याला पैसे देत न्हाय."

काकू अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या. त्या म्हणाल्या, "पिकेल तो घड उतरवावा, हे मला पटतं. हिरवा उतरवला तर सुपारी पोचट निघते. त्यांची माणसं तयार नसतील तर उगाच कशाला पाठवतील?"

"बगा," भाऊ म्हणाले.

"पण गिऱ्हाईकाला झाडावर काय काय आहे ते आधी दाखवायला पाहिजे. घड झावळीत लपवून ठेवायचे आणि नंतर दर सांगायचा, हे नाही चालत."

"आई, ते रोस्टर आहे, लढवय्यांची यादी, सुपारी नाही," दादा म्हणाला.

"मग कशाला विचारतोस मला?"

"मी कुठे विचारलं?"

पुढे कित्येक आठवडे घरात हेच चाललं. ताई मासे साफ करताना भांडायच्या, भाऊ पाहुण्यांच्या बॅगा उतरवताना भांडायचे. मूळ भांडण असं होतं: यादी कशी करावी, सगळ्यांना आवडतात तेवढेच घ्यावेत, की थोडे थोडे सगळ्या तऱ्हांचे? दादाचं म्हणणं, ज्याला फार लोक खेळत नाहीत त्याच्यावर कंपनी खर्च का करेल? रांजणवालीला जगात फार कोणी घेत नाही. ती लो टियर आहे.

"लो टियर म्हणजे?" ताईंनी विचारलं.

"खालच्या रांगेतली."

"खालच्या रांगेतल्यांना जेवाया घालत न्हाय काय?"

"ताई, तुम्ही सगळं जेवणावर का आणता?"

"स्वयंपाक करते म्हणून."

एका रविवारी नाश्त्याला एक पाहुणी मुलगी पोह्यांची बशी हातात धरून या वादात उतरली. तिला माझी रांजणवाली माहीत होती, तिच्या खऱ्या नावाने. तिने सांगितलं की असे हळू, धरून पाडणारे लढवय्ये खेळणारे लोक थोडेच असतात, पण ते फार चिवट. मोबाईलवर सध्या तेच सगळ्यांत जास्त कावलेत, आपले लढवय्ये यादीत नाहीत म्हणून. ती स्वतः नवी आवृत्ती लगेच घेत नाही. दोन-एक वर्षं थांबते. सगळे सीझन संपले की सगळे लढवय्ये असलेली एकच पूर्ण आवृत्ती येते, ती घेते.

"शिळं गरम करून," भाऊ म्हणाले.

"पण पोटभर," ती म्हणाली, आणि ताईंनी तिच्या बशीत न विचारता आणखी पोहे वाढले.

इथवर गंमतच होती. मग दादाने खरी गोष्ट सांगितली. नवी आवृत्ती जुन्या डब्यावर चालणार नव्हती. अलिबागच्या एका दुकानात जुना डबा त्यातल्या गेमसकट देऊन नवा मिळत होता. पाहुण्यांची मुलं आल्या आल्या नव्याबद्दल विचारत होती, आणि त्यांचं चुकत होतं असं मला म्हणता येत नव्हतं.

"चांगलं होईल की," मी म्हणाले, आणि कोरड्या असलेल्या ताटल्या परत पुसल्या.

मी काय बोलणार? डबा माझा नाही, टीव्ही माझा नाही. ज्या चादरीवर झोपते ती काकूंची, आणि यातलं काही मला कोणी कधी ऐकवलेलं नाही. ज्यांनी मागितल्याशिवाय शेगडी आणून दिली त्यांच्याकडे आणखी काही मागायला जीभ उचलत नाही. पण रात्री भाकरी थापताना डोक्यात यायचं: डबा गेला की रांजणवाली गेली. मग मंगळवारी मी त्या वेताच्या खुर्चीवर कोण म्हणून बसू? नव्या डब्यात मी उड्या मारणारा कोणी घेईन, हरेन, आणि हळूहळू खुर्ची सोडून दारात उभी राहून बघायला लागेन. दारात उभं राहून बघायची मला सवय होती. ती मोडायला बरेच दिवस लागले होते.

ताईंनी ओळखलं असावं, कारण भांडणात त्यांचा आवाज चढायला लागला. शेवटी काकू वैतागल्या. "रोज उठून तेच. एकदाच गावकी बसवा आणि संपवा."

गावकी म्हणजे गावची बैठक. देवळाचा, वाटेचा, बांधाचा विषय तिथे निघतो, आणि एका घराला एक मत. भाऊ तिथे नेहमी बसणारे, त्यामुळे गंमत म्हणून काढलेली गोष्ट त्यांनी अगदी रीतसर घेतली. आषाढातला शुक्रवार होता, पाहुण्यांनी पावसामुळे येणं रद्द केलं होतं, दादा लवकर आला होता. ओटीवर चटया घातल्या गेल्या. काकू खुर्चीत, हातात अडकित्ता.

"घरं सांगा," काकू म्हणाल्या.

"काकूंचं घर, दादा हाय," भाऊंनी सुरुवात केली. "माजं घर, मी हाय. ताईंचं घर, ताई हायत." मग त्यांची नजर माझ्यावर आली आणि थांबली. "हिचं..."

पागोळ्या गळत होत्या.

"दुसऱ्याच्या घरात ऱ्हाणाऱ्याला मत नसतं," भाऊ खाली बघत म्हणाले. "मी न्हाय म्हणत. रीत हाय तशी."

"मी चहा टाकते," मी म्हणाले आणि उठले.

"चहा नंतर," काकू म्हणाल्या. "बस खाली."

मी बसले. मतं झाली. भाऊ नव्याच्या बाजूने, दादा नव्याच्या बाजूने, ताई जुन्याच्या. दादाने मोबाईल काढला, दुकानवाल्याला सांगायला.

"थांब रे," ताई म्हणाल्या. "भाऊ, गेल्या वर्षी खांड पडली तवा ही बांधावर नव्हती काय?"

भाऊंनी मान खाजवली. "व्हती."

"दिवसभर?"

"दिवसभर व्हती. माज्याच शेजारी. माज्या पायावर घमेलं पाडलं हिनं."

"कोणाच्या घरची म्हणून?"

"काकूंच्या."

काकूंचा अडकित्ता थांबला. "भाऊ, गावकीत घराचं मत कोण देतं?"

भाऊ अडचणीत आले. त्यांना उत्तर माहीत होतं, आणि खरं उत्तर दिलं तर त्यांचा नवा कोळंबी जाणार होता. पण बांधाच्या गोष्टीत खोटं बोलणारा माणूस मी इथे अजून पाहिलेला नाही.

"जे मानूस बांधावर गेलं, ते," भाऊ म्हणाले.

"मग माझ्या घराचं मत हिचं."

"आई," दादा म्हणाला, "मी तुझा मुलगा आहे."

"आहेस ना. बांधावर कुठे होतास?"

"ऑफिसला."

"हं," काकू म्हणाल्या, आणि सुपारीचे दोन तुकडे झाले.

भाऊंनी जाहीर केलं, दादाचं मत बाद, एकास एक झालं, आता बाय बोलेल. सगळे माझ्याकडे बघत होते. नवं म्हणावं तर रांजणवाली जाते. जुनं म्हणावं तर ज्या घराने मला ठेवून घेतलं त्या घरच्या मुलाला मी त्याच्याच ओटीवर हरवते. मी पाहुणीच्या पोह्यांचा विचार केला, ताईंच्या पंगतीचा केला. घाबरले की माझ्या तोंडून गावाकडचं निघतं.

"मले असं वाटते," मी म्हणाले, "नवा यावा. पण समदे आल्यावर यावा. अर्ध्या पानावर काहून बसा? तोवर हा असू द्या. पाहुण्यांच्या पोरायले मी शिकवीन."

"म्हंजे शिळंच," भाऊ म्हणाले.

"शिळं नाही. उशिरा."

दादा हसला. हसायचं नव्हतं त्याला, पण हसला. काकूंनी अडकित्ता खुर्चीच्या हातावर आपटला आणि गावकी उठली. मग मी चहा टाकला आणि साखर दोनदा घातली.

पुढचे काही दिवस मी काळजीत काढले. दादा रागावला असेल का? जेवताना गप्प का होता? मग बटाट्याची भाजी त्याला आवडत नाही हे आठवलं आणि जरा बरं वाटलं. रविवारी निघताना तो दारातून वळून म्हणाला, "पुढच्या गावकीत बघतो तुला." हे त्याने कसं म्हटलं ते मी आठवडाभर मनात उलटसुलट करून पाहिलं. ताई म्हणाल्या, "अगो, तो गंमत करतो. तुला गंमत कळत न्हाय काय?" कळते. उशिरा कळते.

पाहुण्यांच्या मुलांचं मात्र सोपं निघालं. नवा गेम नाही म्हटल्यावर तोंड पाडायची, मग मी रांजणवाली घेऊन त्यांना एकदा रांजणात घालायची, की लगेच परत खेळा म्हणायची. एक लहान मुलगी तर जाताना तिच्या बाबांच्या पाठीला उशी बांधायला बघत होती.

श्रावणात मोठं उधाण होतं. सकाळी वर्दी आली की खांड पडली. भाऊ मिनिडोर घेऊन दारात आले, आत फावडी आणि घमेली. मी पदर खोचून निघाले तर ओटीवर दादा उभा. आठवड्याच्या मधल्या दिवशी. उधाण येणार म्हणून आदल्या संध्याकाळीच रो-रोने आला होता, सुट्टी काढून. पायात कोरे करकरीत गमबूट.

"कुठे?" काकूंनी विचारलं.

"बांधावर."

"ऑफिस?"

"मत परत पाहिजे मला," दादा म्हणाला आणि मिनिडोरमध्ये जाऊन बसला.

बांधावर पोचल्यावर पहिला गमबूट चिखलात राहिला आणि दादाचा पाय तेवढा बाहेर आला. दुसरा त्याने स्वतःच काढला. रांगेत तो माझ्या आणि भाऊंच्या मध्ये उभा राहिला आणि घमेलं असं धरायचा की चिखल अर्धा त्याच्या पोटावर. भाऊ म्हणाले, "दादा, बांध तिकडं हाय. तुमाला न्हाय लिंपायचं." पण तो थांबला नाही, हे सांगायलाच हवं. दुपारी भाकरी खायला बसलो तेव्हा त्याच्या हाताला फोड आले होते आणि तो ते सगळ्यांना दाखवत होता.

बांध सावरल्यावर गावातले एक म्हातारे बांधाच्या माथ्यावर उभे राहून घरं पुकारतात. ज्याचं नाव निघेल त्याने ओ द्यायची. काकूंचं घर पुकारलं, आणि दादाने आणि मी एकदमच ओ दिली.

रांगेत खसखस पिकली. म्हातारे म्हणाले, "एका घरचं एकच धरणार. कोण?"

दादा म्हणाला, "मी. मुलगा आहे."

बरोबर होतं त्याचं. फोड त्यालाही आले होते. मी घमेली गोळा करायला वाकले.

"बाबा," मागून भाऊंचा आवाज आला, "हिची चूल येगळी हाय."

"काय म्हणतोस?"

"मागल्या खोलीत शेगडी हाय हिची. सोताची भाकरी सोता करते. जोंधळ्याची. मी खाल्लीय."

म्हाताऱ्यांनी दादाकडे बघितलं. "खरं काय रे?"

दादाने एकदा माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलला असता तर मत नक्की त्याचं होतं, आणि मंगळवारपर्यंत नवा डबाही. तो म्हणाला, "खरं आहे. आईनेच दिली शेगडी."

"चूल वेगळी तर घर वेगळं," म्हातारे म्हणाले, आणि जणू काही विशेष झालंच नाही अशा आवाजात पुकारलं, "मागली खोली."

मला कळायला थोडा वेळ लागला. भाऊंनी कोपराने ढोसलं.

"ओ," मी म्हणाले.

परत येताना मिनिडोरमध्ये दादा बोटांवर मोजत होता. "म्हणजे मी आणि भाऊ नवा. ताई आणि ही जुना. दोनास दोन."

"मी जुना," भाऊ म्हणाले.

"काय?"

"नवीन कोळंबीच्या मिशा फार लांब केल्यात. मना न्हाय आवडल्या."

दादा पुढे खाडीकडे तोंड करून बसला. मग म्हणाला, "पूर्ण आवृत्ती आली की घेऊ. पण तिच्यात रांजणवाली नसली तर?" 

"मंग परत गावकी," भाऊ म्हणाले.

खरं सांगायचं तर ती यायची आहे की नाही, हे अजून कोणालाच माहीत नाही. मी त्याची काळजी करते, पण आता ती इतर काळज्यांच्या रांगेत उभी राहते, पुढे घुसत नाही.

घरी पोचून विहिरीवर पाय धूत होते तेव्हा आईचा फोन आला. दुखणं आता बरं आहे तिचं.

"काय करून रायली वं?"

"बांधावर गेलती."

"कोनाच्या बांधावर?"

"आपल्या."

"आपला बांध तिकडं कवा झाला?"

"आज सकाळी," मी म्हणाले. ती हसली, तिला वाटलं मी थट्टा करतेय. आमच्या घरात गंमत उशिराच कळते सगळ्यांना. पुढच्या वेळी नीट सांगेन.

आतून ताईंनी हाक मारली. दादाला म्हणे फोड आलेल्या हातांनी का होईना, आत्ताच्या आत्ता खेळायचं होतं. डबा सुरू होता, वेताची खुर्ची खिडकीजवळ ओढलेली होती, आणि रांजणवाली पडद्यावर उभी राहून पाय आपटत होती, जशी ती कोणी बटण दाबलं नाही की आपटते.

मी हात पुसले. रिमोटला चिखल लागू नये म्हणून परत एकदा पुसले, आणि आत गेले.